बेबीआत्या आणि धूर

माझ्या आत्याला घरात सगळे बेबी म्हणतात. तिच्या नावामागे डॉक्टर लागतं, केस पांढरेशुभ्र झालेत, आणि तिच्यासमोर उभं राहून काहीही ठोकून द्यायची आमच्या आरोग्य कार्यालयात कुणाची टाप नाही. तरी ती बेबीच. ती पाळण्यात असताना माझ्या बाबांनी, म्हणजे तिच्या थोरल्या भावाने, ही हाक मारली आणि ती तिला जन्माची चिकटली. कार्यालयात मात्र तिला पुरावाबाई म्हणतात, अर्थात तिच्या माघारी.

हे दुसरं नाव तिने स्वतःच्या तोंडाने कमावलंय. आई मला म्हणाली, "ओल्या केसांनी बाहेर जाऊ नकोस, सर्दी होईल," की आतल्या खोलीतून आवाज यायचाच, "पुरावा काय?" आई म्हणायची, "पुरावा हाच की मी हिची आई आहे." त्यावर आत्या बाहेर येऊन तिला समजावत बसायची की आई असणं हा पुरावा धरला जात नाही. तोवर माझे केस वाळलेले असायचे.

तिची नोकरीही याच स्वभावाला साजेशी. डासांमुळे येणाऱ्या तापावर जगात कुठे काय संशोधन झालं ते वाचायचं आणि आपल्या शहराने काय करावं हे आरोग्य समितीला सांगायचं. वाचायचं काम उत्तम चाललं होतं. घोडं अडलं होतं ते सांगण्यापाशी, कारण ऐकायला कुणी तयार नव्हतं. हे मी ऐकीव सांगत नाही. त्याच इमारतीतल्या सभागृहाची ध्वनियंत्रणा माझ्या ताब्यात असते. माईक, स्पीकर, ॲम्प्लिफायर आणि त्यांच्यामागे कोपऱ्यात एक खुर्ची, तिथे मी. आत्या दर साली हरताना मी तिथूनच बघितली आहे, आणि तेही स्पष्ट आवाजात.

भांडण एवढंच होतं. डेंगीचे दिवस आले की शहराकडे दोन उपाय असायचे. एक, धुराची गाडी. ती फटफटत गल्लीत शिरते, पांढरा धूर सोडते, लोक खिडक्यांत येतात, आणि गाडी गेल्यावर खोकत खोकत समाधानाने आत जातात. दुसरा उपाय म्हणजे घरोघरी फिरणारं बायकांचं पथक. पिंप, कुंडीखालची ताटली, फ्रिजमागचा ट्रे, जिथे पाणी साचून अळ्या होतात ते सगळं या बायका उघडून बघायच्या, ओतून द्यायच्या, झाकण लावायला सांगायच्या. आत्याचं म्हणणं, धुराने उडणारे थोडे डास मरतात, आणि अळ्या पाण्यात मजेत राहतात. चार दिवसांनी नवे डास हजर. तिच्याकडे देशोदेशीचे अभ्यास होते. पण पथकाचं काम दिसत नाही आणि धूर मैलभरावरून दिसतो.

त्यात मागच्या साली खुद्द बाबांना डेंगी झाला. बाबा दवाखान्यातून घरी आले तेव्हा त्यांना भिंत धरून चालावं लागत होतं. तशातही संध्याकाळी गाडीचा आवाज आला की ते खिडकीशी जायचे आणि म्हणायचे, "आली गं बेबी, तुझी गाडी! आता बघ कशी दाणादाण उडते." आत्या दात-ओठ खात गप्प बसायची. तिच्या गप्प बसण्याला आणखी एक कारण होतं. अळ्या आमच्याच घरात सापडल्या होत्या, तिच्या लाडक्या कुंडीखालच्या ताटलीत. पथक आमच्या इमारतीत आलं होतं, वरखाली सगळी घरं बघून गेलं होतं. फक्त आमचं दार त्यांनी वाजवलं नव्हतं. तिथे डॉक्टरबाई राहतात, त्यांचं काय तपासायचं, म्हणून मान राखून पुढे गेल्या होत्या.

आत्याने त्या ताटलीवरून स्वतःला माफ केलं नाही. त्यानंतर कामात ती जरा जास्तच कडवट झाली.

आणि नेमके तेव्हाच समितीचे नवे सभापती आले. यांची लाकडाची वखार, स्वभाव दिलदार, आवाज असा की माझा माईक त्यांना लागायचाच नाही. धुराची गाडी निघाली की लोकांना दिसावं म्हणून ते स्वतः तिच्याबरोबर चालायचे. त्यांनी पहिल्याच आठवड्यात ठरवलं की मोठ्या धुराच्या गाड्या घ्यायच्या आणि त्यासाठी पथक बंद करायचं. पथकातल्या बायकांना घरी पाठवायचं. एकदा पथक मोडलं की पुन्हा उभं राहत नाही, हे आत्याला पक्कं ठाऊक होतं. त्या बायकांना कुठल्या गल्लीत कुणाचं पिंप माळ्यावर आहे हेसुद्धा पाठ होतं. हे सगळं धुरात जाणार होतं.

आत्या चवताळली. तिने महिनाभर खपून एक जाडजूड अहवाल लिहिला आणि सभेत वाचला. समितीचा चहा निवला, बिस्किटं मऊ झाली, एक सदस्य इतके गाढ झोपले की त्यांचं घोरणं मला माईक बंद करून लपवावं लागलं. शिवाय आत्या पडली प्रामाणिक. धुराबद्दल जेवढं कठोर बोलली तेवढ्याच इमानाने तिने हेही सांगितलं की पथकामुळे अळ्या नक्की कमी होतात, पण ताप किती कमी होतो याबद्दल अजून पुरेशी खात्री नाही. झालं. धुराच्या बाजूने बोलणाऱ्याला शंका कधी नसतेच. सभापती उठून म्हणाले, "बाईंचं भाषण अतिशय विद्वत्तापूर्ण झालं." आमच्या सभागृहात याचा अर्थ, कुणाला काही कळलं नाही. निर्णय पुढच्या सभेवर गेला, आणि तोही केवळ जेवायची वेळ झाली म्हणून.

पुढच्या खेपेला तिने शहाणपणा केला. सगळं एका पानात लिहिलं. साधं, सोपं, मलासुद्धा समजलं. ते पान सभापतींच्या स्वीय सहायकांकडे दिलं. हे गृहस्थ म्हणजे सभापतींच्या दाराची कडी. त्यांनी पान उलटसुलट करून बघितलं. "एवढंच?" ते म्हणाले. "बाई, साहेबांच्या पुढे एक कागद ठेवायचा? त्यांना काय वाटेल? त्यांचा काही मान आहे की नाही?" आणि मान राखण्यासाठी त्यांनी जुना अहवाल, त्याची परिशिष्टं आणि कोणत्या तरी दुसऱ्याच खात्याचे नकाशे लावून फाईल पुन्हा उशीएवढी केली. ते एक पान तळाशी गेलं. सभापतींनी फाईल हातात तोलली, "छान काम केलंय," म्हणाले, आणि बाजूला ठेवली.

त्या दिवशी आत्या घरी येऊन स्वयंपाकघरात बसली ती उठेचना. आई भाजी चिरत होती.

"वन्सं," आई म्हणाली, "हे धुराचं ठरतं कधी?"

"सभेत. पुढच्या सोमवारी."

मला हसू आलं. "आत्या, सभेत काही ठरत नाही गं. सभेत नुसते हात वर होतात. ठराव आधीच टाइप होऊन येतो, मी रोज बघते. ठरतं ते सभापतींच्या खोलीत, फोनवर."

"मग तुम्ही सभेत कशाला डोकं फोडता?" आई म्हणाली. "फोन येतात तिथे जाऊन बसा. आणि हे बघा, बोलू नका. ऐका."

"मी काय ऐकू? मला माहिती आहे काय आहे ते."

"तुम्हाला डासांचं माहिती आहे," आई म्हणाली. "माणसांचं कुठे काय वाचलंय तुम्ही?"

नणंद-भावजयीत मग जे झालं ते मी लिहीत नाही. पण दुसऱ्या दिवशी आत्या खरंच सभापतींच्या बाहेरच्या खोलीत जाऊन बसली. स्वीय सहायकांच्या टेबलासमोर एक बाकडं आहे, त्यावर. ते म्हणाले, "साहेब भेटणार नाहीत." ती म्हणाली, "मला भेटायचंच नाहीये." यावर काय करायचं ते त्यांना शिकवलेलं नव्हतं. ती रोज जायला लागली. फोन यायचे, ते उचलायचे, ती ऐकायची. मधूनमधून ते खोकायचे.

"केव्हापासून आहे हा खोकला?" एकदा तिने विचारलं.

त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "प्रत्येक सभेआधी सभागृहात धूर करतात ना, साहेबांना डास चावू नयेत म्हणून. मला तो सोसत नाही हो. पण बोलायचं कुणाला?" आत्याच्या आयुष्यातला हा पहिला प्रसंग की कुणी काही दावा केला आणि तिने पुरावा मागितला नाही. नुसती म्हणाली, "मलापण नाही सोसत." तिथपासून दोघांचं जमलं. त्यांनी तिचं ते एक पान फाईलीच्या तळातून काढून वर लावलं, आणि वर त्याला लाल फीत बांधली, म्हणजे मान राहिला.

एका संध्याकाळी ती घरी आली ती विचारात. "वहिनी," ती आईला म्हणाली, "सगळे फोन एकच. आमच्या गल्लीत गाडी आली नाही, आमच्याकडे कुणी फिरकलं नाही. अगं, या लोकांना धूर नकोच आहे. घाबरलेत ते. कुणीतरी यायला हवंय त्यांना." आईने आत्याच्या पुढ्यात चहा ठेवला, तिचा स्वतःचा, अर्धा प्यायलेला. आमच्या घरात याहून मोठा पुरस्कार नाही.

स्वीय सहायकांच्या कृपेने आत्याला सभापतींची भेटही मिळाली. सभापतींनी ऐकलं. "बाई, पटतंय," ते म्हणाले. "पण लोकांना दिसलं पाहिजे. बघू सभेत." त्यांचं 'बघू' म्हणजे काय ते सगळ्या शहराला माहीत होतं. तिकडे ठराव टाइप झाला होता: गाड्या घ्याव्यात, पथक बंद करावं.

सभेच्या सकाळी आईने मला दारात गाठलं. "तिला सांभाळ. तिचं बोलणं नीट चाललं असलं तर चालू दे. वाकडं वळायला लागलं की तुझं ते बटण बंद कर." मी हो म्हणाले. मला ते पटलेलंच होतं. तिचं कसलंही चांगलं चाललेलं बोलणं शेवटी 'परंतु'वर येऊन आपटतं, हे मी जन्मभर बघत आले आहे.

सभागृहात शिरले तर नेहमीप्रमाणे धुराचा थर. या धुरात तेल असतं, ते माझ्या यंत्रांवर चढतं, बटणं चिकट होतात. मी दर वेळी ओरडायचे, कुणी ऐकायचं नाही. आमचं घराणंच तसं. सभा सुरू झाली, सदस्य खोकत खोकत जागेवर बसले आणि सभापतींनी ठराव हातात घेतला. आत्या समोरच्या खुर्चीत काठीसारखी ताठ. तेवढ्यात मला जळका वास आला. माझ्या ॲम्प्लिफायरमधून धूर येत होता. पण त्या दिवशी त्या खोलीत धूर असणं इतकं रीतसर होतं की कुणाला काहीच वाटलं नाही. एक सदस्य तर म्हणाले, "वा, आज मागूनही सोय केलीये."

मी झटकन वायर उपटली. पण तोवर स्वीय सहायकांना ज्वाळेची जीभ दिसली आणि ते "आग! आग!" करून ओरडले. सभागृहाबाहेर भिंतीवर लाल बादल्या टांगलेल्या असतात, आग विझवायला. त्या सदैव पाण्याने भरलेल्या असाव्यात असा अग्निशमन खात्याचा नियम आहे. सफाईवाले म्हणतात त्या अग्निशमनच्या, अग्निशमनवाले म्हणतात पुसायचं काम सफाईचं, म्हणून पाणी आटलं की शिपाई वरून भर घालायचा, पण त्या बादल्या कित्येक वर्षांत कुणी ओतून धुतलेल्या नव्हत्या. शिपायाने त्यातली एक बादली ओढली आणि धावत आत आला.

"पाणी नको! वीज आहे!" मी जीव खाऊन किंचाळले.

तो बिचारा माझ्याकडे बघायला वळला, आणि त्याच्याबरोबर बादलीही वळली. सगळं पाणी सभापतींवर गेलं.

आग कधीच विझली होती. सभापतींच्या पांढऱ्या शर्टावरून पाणी ओघळत होतं आणि त्या पाण्यात काहीतरी वळवळत होतं. ठरावाच्या कागदावरही वळवळत होतं. त्यांनी छातीवर बोट टेकवून विचारलं, "हे... हे काय आहे?"

आत्या उठून गेली, चष्मा वर सरकवला आणि सभापतींच्या छातीकडे अगदी जवळून बघितलं. "अळ्या," ती म्हणाली. "डेंगीच्या डासांच्या. चारेक दिवसांत डास होऊन उडाल्या असत्या."

सभापती बघतच राहिले. अळ्यांकडे, बादलीकडे, छताला लोंबणाऱ्या धुराकडे. "म्हणजे दर सभेला इथे धूर करतात, आणि हे सगळं दाराबाहेर? मी इथेच बसायचो?" मग एकदम टेबलावर हात आपटला. "नको त्या गाड्या! आत्ताच्या आत्ता ठराव बदला. धूर बंद म्हणजे बंद! सगळं पथकाला द्या!"

स्वीय सहायकांच्या चेहऱ्यावर हसू फुटलं. माझा जीव भांड्यात पडला. आत्या जिंकली होती. तिने आता नुसतं खाली बसायचं होतं.

ती बसली नाही.

"सभापती महोदय," ती म्हणाली, "एका बादलीवरून असा निष्कर्ष काढता येणार नाही."

मी कपाळाला हात लावला. दुसरा हात आपोआप बटणाकडे गेला आणि आठवलं की यंत्रच मेलंय. तिचा आवाज तसाही माईकवर कधी अवलंबून नव्हता. स्वीय सहायकांनी तिचा कोपर ओढला. "बाई, बसा हो, झालंय तुमच्या मनासारखं," ते कुजबुजले. तिने कोपर सोडवून घेतला.

"मनासारखं झालं म्हणून बरोबर होत नाही," ती म्हणाली. "उद्या दुसऱ्या एखाद्या बादलीत अळ्या नसल्या तर तुम्ही परत गाड्या घ्याल. आज भिजलात म्हणून पथक ठेवणार असलात, तर वाळल्यावर मोडाल. मला तसं नकोय."

मला तेव्हा तिचा इतका राग आला होता की सांगता सोय नाही. ज्या बायकांसाठी ही इतके दिवस झटली, त्यांच्या नोकऱ्या हिच्या हट्टापायी गेल्या, असंच मला वाटलं. सदस्य एकमेकांकडे बघत होते. सभापतींनी शर्टावरची एक अळी टिचकीने उडवली. ती फाईलीवर पडली, लाल फितीशेजारी. ते खुर्चीत मागे टेकले आणि वैतागून म्हणाले, "बरं मग, कशावरून काढायचा निष्कर्ष? सांगा."

आणि माझी आत्या, जिच्या तोंडाला तोंड द्यायची कुणाची हिंमत नव्हती, ती गप्प झाली. तोंड उघडून मिटलं. तिने अहवालाकडे हात नेला, मग तो तसाच टाकला.

"जिथे जिथे नीट मोजलं," ती शेवटी म्हणाली, अगदी हळू, घरात बोलते तशी, "तिथे धुराने डास थोडे दिवस कमी झाले आणि परत आले. पाणी झाकलं, ओतलं, तिथे अळ्या कमी झाल्या. ताप किती कमी होतो ते मला पक्कं माहीत नाही, खोटं सांगणार नाही. म्हणून पथक एक साल ठेवा. धूर फक्त जिथे रुग्ण सापडेल त्याच्या आसपास करा. प्रत्येक दारावर पथकाने आल्याची खूण करावी, म्हणजे लोकांना कळेल कुणीतरी आलं होतं. डॉक्टरांच्या घराचंही दार वाजवावं. आणि आम्ही मोजतो. सालाअखेर मी इथे येऊन सांगीन, चुकले असले तर तेही सांगीन."

"आणि मी कुठे दिसणार?" सभापतींनी विचारलं. विचारून ते जरा ओशाळले, पण प्रश्न मागे घेतला नाही.

"पथकाबरोबर. लोकांच्या दारात," आत्या म्हणाली. "गाडीबरोबर चालता तेव्हा धुरात तुम्ही दिसतच नाही हो."

आधी स्वीय सहायक हसले, मग सदस्य, मग खुद्द सभापती, इतके की ते ओले सभापती हसता हसता खोकायला लागले. हात वर झाले. पथक राहिलं. गाड्यांचं पुढच्या सालावर गेलं, मोजून झाल्यावर बघायचं म्हणून.

मी यंत्र आवरून बाहेर आले तर आत्या बाकड्यावर बसली होती. पथकातल्या दोघीतिघी तिच्याभोवती होत्या, बोलत होत्या, पण तिचं लक्ष नव्हतं. मी तिच्याशेजारी बसले. माझा राग अजून उतरला नव्हता.

"गप्प बसली असतीस तर काय बिघडलं असतं?" मी म्हणाले. "सगळं मिळालं होतं तुला. पूर्ण."

तिने चष्मा काढला आणि पुसायला लागली. तेव्हा मला दिसलं की ती रडत होती. मी तिला याआधी रडताना बघितलं नव्हतं, बाबा दवाखान्यात असतानासुद्धा नाही.

"त्याने मला विचारलं गं," बेबीआत्या म्हणाली. "इतकी वर्षं मी या खोलीत बोलतेय. आज पहिल्यांदा कुणीतरी मला विचारलं."